ओळख न मागणारी कला

'डिमेन्शिया'साठी मराठीत 'स्मृतिभ्रंश' हा शब्द आता रुळला आहे. शब्द जुना आहे. वैद्यकाने तो उसना घेतला. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो एका उतरंडीत येतो. विषयांच्या चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून कामना, कामनेतून क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतीचा भ्रंश, त्यातून बुद्धीचा नाश आणि अखेरीस माणसाचाच नाश. तिथली स्मृती म्हणजे विवेकाची जाग. मेंदूतल्या पेशी झिजण्याशी तिचा संबंध नाही. पण शब्द एका घरातून दुसऱ्या घरात जातात तेव्हा आपले सामानही बरोबर नेतात. या शब्दाने दोन गाठोडी आणली. पहिले असे, की हा भ्रंश माणसाच्या आपल्याच वागण्याचे फळ आहे. दुसरे असे, की स्मृतीनंतरची पायरी नाशाचीच आहे, मध्ये काही नाही.

पहिले गाठोडे हळूहळू सुटते आहे. हा आजार आहे, दोष नव्हे, हे शिकलेल्या घरांत तरी मान्य होऊ लागले आहे. 'साठी बुद्धी नाठी' म्हणून हसण्यावारी नेणारे आणि 'म्हातारचळ लागला' म्हणून तोंड फिरवणारे पूर्वीपेक्षा कमी भेटतात. दुसरे गाठोडे मात्र जसेच्या तसे आहे. स्मृती गेली की माणूस गेला, उरले ते शरीर, अशी आपली पक्की समजूत आहे. या समजुतीला आपल्या कलाकृतींनी धक्का दिला की बळ दिले, आणि स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांना व त्यांना सांभाळणाऱ्यांना कला नेमके काय देऊ शकते, हे दोन प्रश्न मला एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत. म्हणून या निबंधात ते एकत्रच घेतो.

मराठी प्रेक्षकाच्या मनात भ्रमिष्ट म्हाताऱ्याची जी पहिली प्रतिमा आहे ती गणपतराव बेलवलकरांची. 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग १९७० सालच्या डिसेंबरात झाला. ते स्मृतिभ्रंशाचे नाटक नाही. तिथे आजारापेक्षा कृतघ्नतेचा प्रश्न मोठा आहे. तरीही गेली पन्नासहून अधिक वर्षे या नाटकाने आपल्याला एक गोष्ट शिकवली: घर सुटले, ओळख पुसट झाली, वास्तव आणि भूमिका यांची सरमिसळ झाली, तरी भाषेचे वैभव शाबूत असेल तर तो म्हातारा आपल्याला मोठा वाटतो. आपण रडतो ते त्याच्या वैभवासाठी. ज्याच्याकडे असे वैभव कधीच नव्हते त्या म्हाताऱ्यासाठी रंगभूमीने आपल्याला रडायला शिकवले का?

'अस्तु' हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा चित्रपट या प्रश्नाच्या खूप जवळ जातो. स्मृतिभ्रंशावरची मराठीतली सर्वांत गंभीर कलाकृती म्हणून मी त्याच्याकडे पाहतो. ६१ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सुमित्रा भावे यांना संवादलेखनाचा आणि अमृता सुभाष यांना सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला; चित्रपटगृहांत तो लागायला मात्र २०१६ साल उजाडले. याच जोडीने त्याआधी 'देवराई'त स्किझोफ्रेनिया मांडला होता आणि पुढे 'कासव'मध्ये नैराश्य मांडले. मनाच्या आजारांना त्यांनी कथानकातला धक्का म्हणून वापरले नाही. आजारी माणसाभोवतीचे घर त्यांनी पाहिले. 'अस्तु'मध्ये चक्रपाणि शास्त्री हे संस्कृतचे व्यासंगी अभ्यासक आहेत. मुलगी इरा त्यांना मोटारीत बसवून थोड्या वेळासाठी एका कामाला जाते. शास्त्रींना रस्त्यावर हत्ती दिसतो आणि ते हत्तीच्या मागे चालू लागतात. पुढचा चित्रपट म्हणजे एकीकडे इराचा शोध आणि दुसरीकडे माहुताच्या बिऱ्हाडात शास्त्रींचा गेलेला वेळ. शास्त्रींची भूमिका मोहन आगाशे यांनी केली आहे. ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. म्हणूनच बहुधा त्यांच्या अभिनयात लक्षणांचे प्रदर्शन नाही. आहे ती एका सभ्य माणसाची, आपले काहीतरी चुकते आहे हे अर्धवट कळण्याची अवघड अवस्था.

चित्रपटाचा खरा शोध मला शास्त्रींमध्ये दिसत नाही, तो माहुताच्या बायकोत, चन्नम्मामध्ये दिसतो. ती त्यांना खाऊ घालते, सावरते, बाळासारखे निजवते. ती हे करू शकते, कारण हा माणूस पूर्वी कोण होता हे तिला ठाऊकच नाही. इराची वेदना नेमकी उलट आहे. समोरच्या वडिलांच्या शेजारी तिला सतत कालचे वडील उभे दिसतात. स्मृती शास्त्रींची गेली आहे. ओझे मात्र इराच्या शाबूत स्मृतीचे आहे. हे इतक्या स्वच्छपणे सांगणारी दुसरी मराठी कलाकृती मला माहीत नाही. ज्यांनी आईवडिलांना या आजारात सांभाळले आहे, त्यांना ही गोष्ट शब्दांशिवाय कळते.

माझा आक्षेपही इथेच सुरू होतो. चन्नम्माची माया थोड्या तासांची आहे. इराची आणि तिच्या घराची काळजी काही वर्षांची आहे. चित्रपट या दोन वेळा शेजारी ठेवतो आणि प्रेक्षकाला नकळत तुलना करायला लावतो. चन्नम्मा त्याच म्हाताऱ्याला तीन वर्षे, रात्री चार-चार वेळा उठून, ओले कपडे बदलत, 'माझे पैसे चोरलेस' हा आरोप ऐकत सांभाळत असती, तर तिचा चेहरा पडद्यावर तसाच उजळ राहिला असता का? गरीब, अशिक्षित बाईच्या अंगी माया उपजतच असते, हा मध्यमवर्गीय कलेचा जुना आधार आहे. शहरातल्या घराघरांत ब्युरोकडून येणाऱ्या मावशी बारा-बारा तासांच्या पाळीत हेच काम करतात. ती माया असते तसे ते कष्टाचे, पगाराचे कामही असते. कलेने मायेला पुढे आणले आणि कामाला मागे ठेवले, तर सांभाळणाऱ्या बाईवर अन्याय होतो, मग ती मुलगी असो, सून असो वा पगारी मावशी.

दुसरा आक्षेप नायकाच्या निवडीबद्दल. गणपतराव नट आहेत, शास्त्री पंडित आहेत. फ्लोरियाँ झेलेर यांच्या 'द फादर'मध्ये मात्र नायकाच्या थोरवीची गरज लागत नाही. मुंबईत हे नाटक नसीरुद्दीन शाह यांच्या 'मोटली'ने इंग्रजीत केले आणि २०२० च्या चित्रपटामुळे ते जगभर पोचले. त्यात घराच्या खोल्या बदलतात, माणसांचे चेहरे बदलतात, आणि गोंधळ प्रेक्षकाच्या डोक्यात उतरतो. तिथे आपण म्हाताऱ्याची कीव करत नाही. आपणच काही काळ ते म्हातारे होतो. आपल्याकडे हा रस्ता फारसा चोखाळला गेला नाही. आपल्याला पडझड दाखवायची तर आधी वाडा मोठा लागतो.

आकडे मात्र वेगळी गोष्ट सांगतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या लोकांपैकी ७.४ टक्क्यांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत, शहरापेक्षा खेड्यात आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत हे प्रमाण जास्त आहे. म्हणजे या आजाराचा आपल्याकडचा प्रातिनिधिक चेहरा संस्कृत पंडिताचा नाही, शाळेची पायरी न चढलेल्या म्हातारीचा आहे. आजाराचे निदान करायच्या चाचण्यासुद्धा तिच्यासाठी बनलेल्या नव्हत्या. वाचा, लिहा, आकृती काढा, असे सांगणाऱ्या पाश्चात्त्य चाचण्यांत अशिक्षित माणूस निरोगी असूनही नापास होतो. म्हणून १९९५ साली हरियाणातल्या बल्लभगढ भागात काम करणाऱ्या संशोधकांनी निरक्षरांनाही देता येईल अशी हिंदी चाचणी तयार केली. वैद्यकाने जे प्रश्नपत्रिकेपुरते तरी केले, ते आपल्या साहित्याने आणि रंगभूमीने अजून करायचे आहे. 'तिच्याजवळ काय होते' याची यादीच ज्यांनी कधी केली नाही, ते 'तिच्याजवळ काय उरले' हे कसे ओळखणार?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. स्मृतिभ्रंशावरची कला वेगळी आणि स्मृतिभ्रंश झालेल्या माणसासोबतची कला वेगळी. या दुसऱ्या प्रकारात संगीताचे नाव सर्वांत आधी निघते. अल्झायमरच्या आजारात नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग लवकर झिजतो; ओळखीच्या सुरांशी निगडित काही भाग तुलनेने उशिरापर्यंत तग धरतात, असे जर्मन संशोधकांनी २०१५ साली 'ब्रेन' या नियतकालिकात मांडले. हातांना पडलेली सवय, म्हणजे शिवण, टाळ, लाटणे, हीसुद्धा नावगावापेक्षा जास्त टिकते. पण त्यातून 'संगीताने स्मृतिभ्रंश बरा होतो' असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ निघाले. २०१८ साली कॉक्रेन या संस्थेने संगीतावरच्या चाचण्यांचा आढावा घेतला तेव्हा निष्कर्ष मोजका निघाला: पाच किंवा अधिक बैठकांनी उदासी कमी होत असावी, एकूण वागण्यातल्या तक्रारीही थोड्या कमी होत असाव्यात, स्मरणशक्ती आणि आकलन यांत मात्र फारसा फरक नाही. चित्रकलेबद्दल त्याच वर्षी झालेल्या आढाव्यात निकषांत बसणाऱ्या चाचण्या अवघ्या २ निघाल्या आणि त्यांवरून काही ठरवता आले नाही.

हे निष्कर्ष निराश करणारे आहेत असे अनेकांना वाटते. मला ते सुटका करणारे वाटतात. कला ही स्मरणशक्तीचे औषध नाही, हे एकदा मान्य केले की तिच्याकडून गुणपत्रिका मागायची गरज उरत नाही. आपण जेवणाकडून स्मरणशक्ती मागत नाही. सूर्यप्रकाशाकडून मागत नाही. मग भजनाकडूनच का मागावी?

मागितल्याने काय होते ते मी जोगेश्वरीतल्या एका घरात पाहिले आहे. मजासवाडीच्या बाजूला राहणाऱ्या, मूळच्या सिंधुदुर्गातल्या एका आजींना संध्याकाळच्या भजनात बसवले की त्या झांज बरोबर तालावर वाजवत आणि अभंगाचे चरण न अडखळता म्हणत. नातवाने त्याचे मोबाइलवर चित्रण केले आणि ते गावापर्यंत फिरले. सगळ्यांना आनंद झाला. पुढच्या आठवड्यात दूरच्या नातेवाइकांचे फोन सुनेला येऊ लागले: म्हातारीला तर सगळे आठवते, तुम्हीच फार बाऊ करता. दोन मिनिटांच्या त्या चित्रणाने सुनेच्या चार वर्षांच्या जागरणाची साक्ष खोटी ठरवली. 'बघा, अजून सगळे येते' या चमत्काराच्या भाषेत हा धोका असतो. ती भाषा आजारी माणसाला पुन्हा परीक्षेला बसवते. आणि उत्तीर्ण झाला तर सांभाळणारी खोटी, नापास झाला तर माणूस संपला, असे दोनच निकाल शिल्लक ठेवते.

याच आजी पूर्वी वाकळी शिवत. सुनेने त्यांना जुन्या साड्या आणि सुईदोरा दिला. दोरे सरळ रांगेत जाईनात. एका कोपऱ्यात टाके दाट, मग मोकळी जागा, मग एकाच ठिकाणी फिरून फिरून पडलेले टाके. सुरुवातीला सून रात्री ते उसवून ठेवी, सकाळी आजी पुन्हा शिवत. नंतर तिने उसवणे बंद केले. का, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, ''उसवताना मला वाटायचं, आईंचं चुकलंय. आता बघते तर हा कुठला नमुनाच नाहीये चुकायला.'' समीक्षेच्या पुस्तकांत मी आकृतिबंधाबद्दल पुष्कळ वाचले. पण कलाकृतीला तिच्या अटींवर पाहणे म्हणजे काय, हे त्या एका वाक्यात जितके सापडले तितके क्वचितच. आजींचा मुलगा मात्र कामावरून आला की रोज विचारायचा, ''आई, मी कोण?'' आजी उत्तर द्यायच्या, ''जेवलंस काय?'' त्याला ते उत्तर चुकीचे वाटे. मला ते पूर्ण बरोबर वाटते. नाव सापडले नाही. पण कामावरून दमून आलेल्या, आपल्या हातचे जेवणाऱ्या कोणालातरी विचारायचा प्रश्न नेमका सापडला.

उसवलेल्या आणि न उसवलेल्या टाक्यांचा प्रश्न जगाच्या कलेतही आहे. लंडनमध्ये राहणारे अमेरिकी चित्रकार विल्यम उटरमोलेन यांना १९९५ साली अल्झायमरचे निदान झाले. त्यानंतरची काही वर्षे ते स्वतःची व्यक्तिचित्रे काढत राहिले. चेहऱ्याची रेषा सुटत जाते, डोळे सरकतात, शेवटी डोक्याचा एक आकार तेवढा उरतो. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांनी २००१ साली 'लॅन्सेट'मध्ये या चित्रांबद्दल लिहिले आणि ती जगभर प्रसिद्ध झाली. आज ती बहुतेक ठिकाणी ओळीने लावून दाखवतात, आजाराच्या आलेखासारखी: हे पहिले वर्ष, हे दुसरे, बघा कशी उतरण. पण तीच चित्रे एकेक करून पाहिली तर वेगळे दिसते. आपला चेहरा हातातून निसटतो आहे हे जाणणारा चित्रकार तिथे दर वेळी नवा उपाय शोधतो आहे. रेषा साथ देईना तेव्हा तो रंगाच्या जाडीकडे वळतो. याला नुसते लक्षण म्हणणे म्हणजे समीक्षकाने आपले काम डॉक्टरवर सोडून देणे होय.

मग अशा माणसांसाठी आणि त्यांच्या सांभाळणाऱ्यांसाठी कलेचा प्रसंग कसा रचावा? न्यूयॉर्कच्या 'म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्ट'ने २००६ पासून जो उपक्रम चालवला तो मला यासाठी महत्त्वाचा वाटतो. संग्रहालय ज्या दिवशी इतरांना बंद असे त्या मंगळवारी स्मृतिभ्रंश झालेली माणसे आणि त्यांना सांभाळणारे असे जोडीने बोलावले जात. तासाभरात मोजकीच चित्रे पाहायची. मार्गदर्शक विचारणार ते असे: इथे तुम्हाला काय दिसते? हा माणूस कुठे निघाला असेल? तुम्ही या खोलीत बसाल का? कोणत्याही प्रश्नाला ठरलेले उत्तर नाही. अमेरिकेतच अ‍ॅन बास्टिंग यांनी १९९० च्या दशकात सुरू केलेल्या 'टाइमस्लिप्स' या पद्धतीत एक चमत्कारिक छायाचित्र मधे ठेवतात आणि मंडळी जे बोलतील ते, असंबद्ध वाटले तरी, शब्दशः टिपून त्याची गोष्ट करतात. आठवायचे काही नाही. सुचेल ते सांगायचे.

या दोन्ही पद्धतींचे मर्म चन्नम्माच्या मर्माशी जुळते. समोरची गोष्ट दोघांनाही नवी आहे. मुलीला त्या चित्राबद्दल बापापेक्षा जास्त माहिती नाही. त्या तासापुरती तिच्या स्मृतीची वरचढ उरत नाही आणि म्हणून तिचे ओझेही उतरते. आपल्याकडे ज्येष्ठांच्या कार्यक्रमांत हटकून जुनी गाणी, जुने फोटो, जुन्या वस्तू असतात. त्यांत आनंद आहे, ते बंद करावे असे मी म्हणणार नाही. पण जुन्या फोटोत एक प्रश्न दडलेला असतोच: हा कोण? ओळखलेत का? नव्या चित्रात तो नसतो. आठवणींवर उभी असलेली कला माणसाला त्याच्या कालच्या घरी नेते, आणि तिथे दाराला कुलूप असले तर तो बाहेर उभा राहतो. कल्पनेवर उभी असलेली कला आजच्या ओट्यावर बसायला जागा देते.

जोगेश्वरीत राहून हे लिहिताना इथल्या लेण्यांचा विचार येणे अपरिहार्य आहे. सहाव्या शतकात खोदलेले हे शैव लेणे महामार्गापासून हाकेच्या अंतरावर, वस्तीच्या पोटात आहे. पाण्याच्या पाझराने आणि काळाने तिथली शिल्पे इतकी झिजली आहेत, की अभ्यासकांनाही घारापुरीच्या शिल्पांशी ताडून त्यांची ओळख पटवावी लागते. हा नटराज असावा, हे शिवपार्वतीचे लग्न असावे. चेहरे गेले आहेत. देहाचा कल, उचललेला हात, एकमेकांकडे वळलेले खांदे राहिले आहेत. त्या भिंतीपुढे उभ्या राहिलेल्या कुणालाही, मग तो प्राध्यापक असो वा नाव विसरलेली आजी, 'हे कोण' याचे उत्तर सहज येत नाही. पण दोन आकृतींमधली जवळीक दोघांनाही दिसते. मधल्या गाभाऱ्यात देवीची रोजची पूजा चालू आहे, म्हणून तिथे जायला संग्रहालयासारखा संकोच वाटत नाही. अडचण वेगळी आहे. उतरायला पायऱ्यांची मोठी रांग आहे, फरशी ओली असते, उजेड कमी. ज्यांना ही जागा सर्वांत जास्त देऊ शकते त्यांनाच ती सर्वांत अवघड आहे.

घरांतही हाच पेच आहे. इथल्या चाळी आणि झोपड्या पाडून उंच इमारती उभ्या राहिल्या. पुनर्वसनाच्या जुन्या योजनांत २२५ चौरस फुटांची घरे मिळाली. मजल्यामागून मजला तोच, दारामागून दार तेच, भिंतींना रंगही तोच. ज्या म्हाताऱ्या माणसाला चाळीत कोपऱ्यावरची पानाची टपरी आणि नळाचा आवाज यांवरून आपले घर सापडे, त्याला इथे लिफ्टमधून बाहेर पडल्यावर काहीच सापडत नाही. एका कुटुंबाने आपल्या दाराला वर्षभर गडद लाल रंगाचे कापडी तोरण लावले आणि उंबऱ्याशी मोठ्या ठिपक्यांची रांगोळी तैलरंगात कायमची काढून घेतली. आजोबा आता चार वेळा चुकले तरी पाचव्यांदा बरोबर दाराशी थांबतात. सजावट आणि खूण यांतला फरक अशा मजल्यावर नाहीसा होतो. घरगुती कलेचे हे मोल आपल्या सौंदर्यचर्चेत कुठे नोंदलेले नसते.

यावर एक सरळ आक्षेप घेतला जाईल आणि तो मला मान्य आहे. सांभाळणाऱ्या बाईला चित्र नको आहे, झोप हवी आहे. तिला दिवसा काही तास आजींना ठेवता येईल असे केंद्र हवे, परवडणारी मावशी हवी, नवऱ्याचा आणि नणंदेचा हातभार हवा. १९९२ साली स्थापन झालेली 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसॉर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था अशा सेवांची मागणी वर्षानुवर्षे करते आहे. गरजेच्या मानाने सोयी तोकड्याच आहेत. कलेचा तास या सगळ्याला पर्याय म्हणून पुढे केला गेला तर त्याला विरोधच करायला हवा. सरकारने केंद्र उभारायचे सोडून चित्रांच्या वह्या वाटाव्यात, हे सहज होण्यासारखे आहे. पण झोप मिळाल्यावरही एक गोष्ट उरते. झोपेने अंगाचा शीण जातो. आपण ज्यांना सांभाळतो त्या माणसाची आणि आपली आता काही भेट होत नाही, हा शीण झोपेने जात नाही. कला तिथे उपयोगी पडते, आणि तिथेच पडते.

म्हणून अशा कोणत्याही उपक्रमाकडे, तो रुग्णालयात असो, वाचनालयात असो वा घरात, समीक्षकाने तीन प्रश्न घेऊन जावे असे मी सुचवतो. तिथे ठरलेले उत्तर मागितले जाते का? सांभाळणारी व्यक्ती तिथे भाग घ्यायला बसली आहे, की पिशवी धरून बाहेर उभी आहे? आणि तिथे जे घडले ते घडलेल्या माणसांसाठी राहिले, की चित्रण होऊन इतरांच्या कौतुकासाठी बाहेर गेले? 'अस्तु' पाहताना, 'नटसम्राट' पाहताना, भजनाचे मोबाइलवरचे चित्रण पाहतानाही हेच प्रश्न लावता येतात, आणि कलाकृतीची थोरवी कमी न होता तिची मर्यादा दिसू लागते.

यासाठी न्यूयॉर्कच्या संग्रहालयाची वाट पाहायला नको. आपल्याकडे दर वर्षी गल्लोगल्ली नवे देखावे उभे राहतात. गणेशोत्सवाचा मांडव जमिनीच्या पातळीवर असतो, घराखाली असतो, फुकट असतो, आणि यंदाचा देखावा कुणीच आधी पाहिलेला नसतो. दुपारी तीन ते चार गर्दी नसते. त्या एका तासात ध्वनिवर्धक बंद ठेवावा, दिव्यांची उघडझाप थांबवावी, दहा खुर्च्या जोडीने मांडाव्यात आणि इमारतीतल्या अशा माणसांना त्यांच्या सांभाळणाऱ्यांसह बोलवावे. मंडळातला एखादा जाणता मुलगा किंवा मुलगी विचारेल, आजी, इथे काय चाललंय असं वाटतं? आजी काय म्हणतील ते सांगता येत नाही. शेजारच्या खुर्चीवर सून बसलेली असेल आणि तिलाही ते आधी ठाऊक नसेल. मंडळाला यासाठी खर्च काहीच नाही. फक्त पावतीपुस्तकाच्या बैठकीत कुणीतरी हा विषय काढायला हवा.